उभ्या झेंडूचा सौदा

माय,

काल तुझी तेरवी झाली. आलेल्यांनी वरणाला नावं ठेवली आणि पोटभर जेवून गेले. तू असतीस तर स्वयंपाकाच्या बाईला चार शब्द ऐकवले असतेस आणि जाताना तिच्याच पदरात जास्तीच्या पोळ्या बांधल्या असत्यास. आज सकाळी वकीलसाहेब मळ्यात येऊन गेले. ते गेल्यापासून मी तुझ्याशी भांडते आहे. मनातल्या मनात नाही, चांगली मोठ्यानं, विहिरीच्या काठावर बसून, हातवारे करून. आपला धाकटा नामा दोनदा येऊन बघून गेला. त्याला वाटलं असेल माय परत आली, कारण एवढा आवाज मी फक्त तुझ्यापुढेच चढवत असे.

तू किती कष्टाळू होतीस, किती माणसं जोडलीस, हे सांगायला काल पुष्कळजण होते. त्यातलं मला काही सांगायचं नाही. मला तुला विचारायचं आहे, की ज्या हातांनी मला बाहेर काढलंस त्याच हातांनी परत आत का ओढलंस?

बाहेर काढलंस हे मी कशी विसरेन? नवऱ्यानं दुसरी केली आणि मला पेटीसकट बैलगाडीत बसवून माहेरी पाठवलं, तेव्हा बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. आल्यागेल्या बाया माझ्याकडे बघून पदर डोळ्यांना लावायच्या. तू एकीलाही बसू दिलं नाहीस. "पोट्टी मेली नाई माही, रडता काहून?" म्हणायचीस आणि हातात परडी देऊन कळ्या तोडायला लावायचीस. मग मला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घातलंस. भाऊबंदांनी विचारलं, टाकलेल्या पोरीला शिकवून काय उजेड पाडणार? तू म्हणालीस, "उजेड नाई पडला त कंदील लावन ते. तुमी आपल्या घरचं पाहा." मी अकोल्याच्या मुलींच्या शाळेत लागले. शाळेच्या आवारातच बाईमास्तरांसाठी खोल्या होत्या, त्यातली एक मला मिळाली. जन्मात पहिल्यांदा माझ्या कमरेला माझ्या स्वतःच्या दाराची किल्ली आली. तू एकदाच ती खोली बघायला आलीस. खाटेवर बसलीस, भिंतीवरचा नकाशा बघितलास, आणि म्हणालीस, "बरी हाय. पण घरात एक फूल नाई तुया." पुढच्या वेळी माझ्या पाठच्या गणूच्या हाती कुंडीतली शेवंती पाठवलीस. ती अजून आहे. या पंधरवड्यात तिला पाणी कोणी घातलं असेल की नाही, देव जाणे.

आणि दुसरीकडे कोर्ट. बाबांच्या जमिनीवर काकानं हक्क सांगितला आणि तुझे हेलपाटे सुरू झाले. खटला मध्यप्रदेशात उभा राहिला आणि मुंबई राज्यात निकाली निघाला. राज्यं बदलली, आपण कोर्टापुढच्या त्याच कडुनिंबाखाली बसून होतो. तू फुलांची टोपली बरोबर घ्यायचीस, तेवढ्यात चार गजरे खपतील म्हणून. एकदा नामाला ताप होता, त्याला पाणी पाजायला तू नळावर गेलीस आणि नेमका तेव्हाच आपल्या नावाचा पुकारा झाला. तू धावत आलीस तर शिपाई म्हणाला, झालं, निकालात निघालं तुमचं प्रकरण. ते पुन्हा उभं करायला तुझ्या पाटल्या गेल्या.  त्या रात्री चूल पेटवताना तू एवढंच म्हणालीस, "लेकरू आजारी होतं, हे आयकायले तितं कोनाले कान नाई." शेवटी जे हाती लागलं त्यातून अमरावतीच्या कडेला हा मळा घेतलास, एकटीच्या नावावर. त्यानंतर घरात कोणी कोर्टाचं नाव काढलं की तू भांडं आपटायचीस.

म्हणून ट्रस्टचं ते सगळं तुझ्या डोक्यात आलं, हे मला कळतं. वकीलसाहेबांकडे तुझा फुलांचा रतीब होता, रोजची पुडी तू स्वतः टाकायचीस, आणि त्यांच्या ओट्यावर बसून कायदा काढून घ्यायचीस. आधी ते म्हणाले, अनसूयाबाई, मृत्युपत्र करा. तू विचारलंस, माझ्या मागं कोणी हरकत घेतली तर? ते म्हणाले, मग ते कोर्टात शाबीत करावं लागेल, साक्षीदार उभे करावे लागतील. तू पुडीचा दोरा सोडता सोडता म्हणालीस, "म्हंजे मी मेली तरी तारखा हायेतच?" ते हसले, आणि त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. जितेपणीच मळा ट्रस्टमध्ये घालायचा. मालकी ट्रस्टची. जिवंत आहेस तोवर कारभार तू बघायचा, तुझ्यामागे तू नेमलेला विश्वस्त बघेल. तू गेलीस की काही सिद्ध करायला नको, वारस म्हणून कोणी कोणापुढे उभं राहायला नको. मळा जिथल्या तिथे, कारभाऱ्याचा तेवढा हात बदलतो. उत्पन्न आम्हा तिघा भावंडांचं, पण नामाची भाकर पहिली. मळा विकायची पाळी आलीच तर ते विश्वस्तानं ठरवायचं.

तुला हे इतकं आवडलं की त्या दिवशी तू त्यांना मोगऱ्याची दुप्पट पुडी दिलीस, असं त्यांची बायको काल सांगत होती. सांगताना हसली आणि मग रडली.

विश्वस्त म्हणून तू माझं नाव घातलंस. मला न विचारता. दस्त नोंदवून झाल्यावर गेल्या दिवाळीत करंज्या तळताना सांगितलंस, जसं काही शेजारणीकडून चाळण आणली असं सांगावं. आपलं खरं भांडण तेव्हा झालं.

"मले इचारलं काहून नाई?"

"इचारलं असतं त नाई म्हनली असती."

"आताबी नाईच म्हनतो मी. गणूले कर."

"गणू इकून टाकन. प्लाटवाले त्याच्या मांगं फिरून राहिले."

"इकू दे. नामाले त्याच्या घरी ठेवन तो."

"कुठी? बडनेऱ्याच्या क्वार्टरात?"

त्यावर मी झारा घेऊन करंज्या उलटायला लागले, कारण नामा तिथे चार दिवस राहून आला होता, आणि काय झालं ते आपल्या दोघींनाही माहीत होतं. नामा अंगानं वाढला, मनानं पाच वर्षांचाच राहिला. बोलणं तर त्याला कधी आलंच नाही. गणूच्या रेल्वे क्वार्टरच्या मागून रूळ जातात. नामा त्या रुळांमध्ये मांडी घालून बसला होता, खडी गोळा करत, मळ्यात आळ्याभोवती खडे लावतो तशी. इंजिनाची शिट्टी ऐकून तो उठला नाही. रेल्वेतल्या ओळखीच्या खलाशानं त्याला दंडाला धरून ओढलं.

तरीही मी म्हटलं, मी होणार नाही विश्वस्त, हे लक्षात ठेव. त्याच आठवड्यात वकीलसाहेबांनाही जाऊन विचारलं. ते म्हणाले, जबरदस्ती कोणावर करता येत नाही. आईच्या मागे नकाराच्या दोन ओळी लिहून द्या, पुढचं नाव गणपतचं आहे, तो होईल. फक्त एक सांभाळा, त्याआधी विश्वस्त म्हणून कशाला हात लावू नका. एकदा कारभार केलात की स्वीकारलं असं कायदा धरतो. मी घरी येऊन हे तुला तोऱ्यात ऐकवलं. तू करंजीची कड मुडपत होतीस. "नाई म्हनजो," तू म्हणालीस, "तवाचं तवा पाहू." मला वाटलं मी जिंकले. तू इतक्या लवकर कधी माघार घेत नसायचीस, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

आणि तू गेलीस ती अगदी घट बसायच्या तोंडावर. ताप आला, उतरला, पुन्हा चढला आणि संपलं. मी अकोल्याहून आले तेव्हा तू मला ओळखलंस, पण बोललीस ते नामाबद्दल. "त्यानं खाल्लं का?" हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी खूप दूरवरून आले होते असं नाही, पण माझ्यासाठी एक शब्द शिल्लक ठेवला असतास तर चाललं असतं, माय.

मळ्यात झेंडू ऐन भरात होता. तूच लावलेला, नवरात्राच्या हिशेबानं. पण सुतक आपल्या घरात. सुतकाच्या घरचं फूल देवाला कोण घेणार? रतीबाची घरं एकेक करून दारावरूनच सांगून गेली, की बाई, दहावं होईपर्यंत नको, आम्ही दुसरीकडून आणतो. त्यांचं काही चुकलं नाही. तूही कोणाच्या सुतकात असंच केलं असतंस. माळा वाहायचे दिवस, गावात फुलांना ओढ लागलेली, आणि आपला झेंडू झाडावर. पहिले दोन दिवस मी तिकडे बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी गणू तुझ्या अस्थी घेऊन पूर्णेवर गेला होता. मी पाणी शेंदायला बाहेर आले तर नामा वाफ्यात उकिडवा बसलेला. फुलं ओझ्यानं वाकली होती, खालच्या पाकळ्या काळ्या पडायला लागल्या होत्या. तो एकेक काळी पाकळी चिमटीनं काढून टाकत होता. एवढ्या मोठ्या वाफ्यातल्या एवढ्या फुलांच्या. माझ्याकडे बघून त्यानं हात पुढे केला, जसा तुझ्यापुढे करायचा, आता काय करू म्हणून.

त्याच दुपारी अकोल्याचा फुलवाला सायकल ढकलत आला. गणूच्या ओळखीचा, बडनेऱ्याहून गाडीत टोपल्या चढवणारा. तो म्हणाला, "बाई, तुमचा हात लागला त सुतक. माह्या बाया तोडतीन, माह्या टोपल्या, माही गाडी. उभा झेंडू द्या, फुलाले थोडीच सुतक रायते?" मी म्हटलं, "घेऊन जा." त्यानं आगाऊ रकमेचा इसार पुढे केला. तो मी हातात घेतला नाही, सुतक म्हणून त्याला ओट्यावर ठेवायला सांगितलं, आणि मनात म्हटलं, चला, निदान वाळला तरी नाही. दसऱ्याला अकोल्यातल्या कितीतरी दारांवर आपल्या सुतकी घरचा झेंडू लागला असेल. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या दारावरसुद्धा, आणि त्यांचं सोवळं तुला ठाऊक आहे. हे तुला सांगून मला तुझ्याबरोबर हसायचं होतं.

वकीलसाहेबांचं बोलणं मला तेव्हा आठवलंच नाही. खोटं कशाला सांगू, आठवलं असतं तरी मी तो झेंडू झाडावर वाळू दिला नसता.

आज सकाळी ते आले ते माझा नकार लिहून घ्यायला. गणूही बडनेऱ्याहून आला होता. मी शाई-दौत काढून ठेवली होती. चहा पिताना ते सहज म्हणाले, "दारात येताना बघितलं, झेंडू उतरवलेला दिसतो." मी म्हटलं, हो, उभाच दिला. त्यांनी कप खाली ठेवला.

"कोणी दिला?"

गणू काही बोलायच्या आत मला सगळं उमगलं. मळ्यातल्या पिकाचा सौदा. इसार घेऊन. कारभार म्हणतात तो हाच.

वकीलसाहेब माझ्याकडे बघत नव्हते. ते चष्मा पुसत होते आणि फार हळू म्हणाले, "नीट आठवून सांगा, सरस्वतीबाई. घाई नाही. घरात तेव्हा पुष्कळ माणसं होती." भला माणूस. त्यांनी दार किलकिलं करून ठेवलं होतं.

ते गणूनं पुरतं उघडलं. "म्या देला," तो म्हणाला. "फुलवाला मायाच ओळखीचा. ताईचा काई संबंध नाई त्याच्यात." मग माझ्याकडे वळून, "ताई, तू लिहून दे अन जाय अकोल्याले. तुयी नोकरी हाय. मी पाहीन इथचं."

गणू वाईट नाही, माय. तू त्याला नेहमी उणं लेखलंस, तो ट्रस्ट करतानाही. पण आज त्यानं माझ्यासाठी खोटं बोलायची तयारी दाखवली, तीही वकिलासमोर. मला फक्त मान डोलवायची होती. माझी किल्ली कमरेला होती, ती टोचत होती. संध्याकाळची गाडी, माझी खोली, माझ्या सातवीच्या मुली, कुंडीतली शेवंती, सगळं एका मानेच्या हेलकाव्यावर होतं. मी मान डोलवणार होते. तुझी शपथ.

पण गणूला माझी काळजी वाटली. मला धीर द्यावा म्हणून तो म्हणाला, "नामाची फिकर करू नको. मांगची खोली खाली केली हाय त्याच्यासाठी. दाराले बाहेरून कडी लावली. आता जात नाई तो रुळावर."

किती मायेनं म्हणाला ग तो. बाहेरून कडी.

नामा तेव्हा उंबऱ्यात बसून गणूच्या बुटांना हात लावून बघत होता. मी त्याला अकोल्याला नेऊ शकत नाही. बाईमास्तरांच्या आवारात पुरुषमाणूस ठेवू देत नाहीत, मग तो मनानं पाच वर्षांचा का असेना. हे सगळं मी या पंधरवड्यात शंभर बाजूंनी उलटून पाहिलं होतं. आता बाजू उरली नव्हती. एक तर त्याच्या दाराला कडी, नाहीतर माझ्या.

"सौदा मी केला," मी म्हटलं. "इसार मी घेतला. गणू गावात नव्हता."

 गणू उठला, नामाच्या डोक्यावर हात फिरवला आणि स्टेशनच्या वाटेला लागला. रागावला की सुटला, मला कळलं नाही. कदाचित त्यालाही कळलं नसेल.

वकीलसाहेबांनी मला समजावून सांगितलं, शाळेत मी मुलींना समजावते तसं. आता तुम्ही विश्वस्त झालात. यातून सुटायचं तर सगळ्या हक्कदारांची संमती हवी. गणपत देईल. नामदेव देऊ शकत नाही, त्याची संमती कायदा मानत नाही. तेव्हा रस्ता एकच, कोर्टाची परवानगी. अर्ज करावा लागेल, नामदेवाला हजर करावं लागेल, तारखा पडतील.

मी हसले. त्यांना वाटलं मला भोवळ आली. पाणी आणू का म्हणाले.

मी विचारलं, "हे माझ्या मायला माहीत होतं?"

त्यांनी हातातली काठी चाचपली. मग म्हणाले, "त्यांनी विचारलं होतं. दस्त लिहिताना. पोरीला कधी सुटावंसं वाटलं तर कुठून सुटेल, म्हणून. मी सांगितलं, कोर्टातून. तेव्हा म्हणाल्या..." ते थांबले. त्यांच्या तोंडी तुझी बोली बसत नव्हती, पण शब्द तुझेच होते. "म्हणाल्या, 'मंग लिवा. सरू कोर्टात पाय ठेवत नाई.'"

ते गेले आणि मी विहिरीवर येऊन बसले.

म्हणजे तू विसरली नव्हतीस, माय. मला बाहेर जायला एखादं दार हवं, हा विचार तुझ्या मनात आला होता. तू ते दार शोधलंस, कुठं आहे ते नीट विचारून घेतलंस, आणि मी तिथून कधीच जाणार नाही याची खात्री करून मग अंगठा दिलास. जगात माझी इतकी काळजी कोणी केली नसेल आणि इतकी घट्ट गाठही कोणी मारली नसेल. दोन्ही एकाच वेळी कसं करावं हे तुलाच जमायचं.

तू म्हणशील, मग काय करती? नामाले कोनाच्या हवाली करती?  याचं उत्तर माझ्याकडे असतं तर मी दिवाळीतच तुझ्या तोंडावर फेकलं असतं. पण विचारायचं होतंस ग. एकदा समोर बसवून म्हणायचं होतंस, की सरू, मले दुसरं कोनी दिसत नाई. मी आदळआपट केली असती, दोन दिवस जेवले नसते, आणि कदाचित तिसऱ्या दिवशी हो म्हटलं असतं. ते हो माझं असतं. ते तू मला मिळू दिलं नाहीस.

आता ऊन उतरलं आहे. नामा रिकाम्या वाफ्यात खडे लावतो आहे, त्याला जेवायला वाढायचं आहे. उद्यापासून रतीबाच्या पुड्या सुरू करायच्या, तशी चार घरांनी विचारणा केली आहे. शाळेला काय कळवायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. सुट्टी दिवाळीपर्यंत पुरेल, तोवर मला स्वतःला फसवता येईल.

तू मला बरोबर ओळखलंस. त्याचाच मला राग येतो. आणि आजवर असा राग आला की मी गाडीत बसून थेट तुझ्याकडे येत असे. आज तुझ्याच घरात बसले आहे, माय, आणि कुणाकडे जाऊ ते कळत नाही.